क्षुरप्र आणि अक्काचं खुरपं

जळगावच्या पिंप्राळ्यात जुन्या अवजारांचं प्रदर्शन भरलंय आणि त्यातली खुरप्याखालची पाटी मी लिहिलीय. पुण्यात बसून, मोबाईलवर आलेल्या फोटोवरून. ती पाटी मिरवताना बघायला म्हणून मी निघाले, खोटं कशाला बोलू?

स्टेशनबाहेर रिक्षा लगेच मिळते, भाडं आधी ठरवा. सभागृहात काचेच्या पेटीत खुरपं आणि खाली माझे शब्द: ‘मूळ शब्द क्षुरप्र. क्षुर म्हणजे वस्तरा. क्षुरप्र म्हणजे तशा धारेचा बाण, तसंच गवत काढायचं हत्यार. या पात्याचं दुर्मिळ वळण त्या बाणाची आठवण देतं.’ आयोजक नाना म्हणाले, “भडगावजवळच्या एका अक्कांचं आहे. बदल्यात नवं दिलंय.” म्हटलं, त्यांना भेटूनच जाऊ.

दुसऱ्या दिवशी पाचोऱ्यावरून एसटीनं भडगाव. दोन तास धरा, पाठीचं काय ते तुमचं तुम्ही बघा. स्टँडसमोर शेवभाजी झकास मिळाली.

अक्का कांद्याच्या वाफ्यात निंदत होत्या. तळहाताला चिंधी गुंडाळलेली.

“मन्हं खुरपं लई गयात, ताई. हाई नवं मन्हा हातले बसत नही,” त्या म्हणाल्या. “मी डावरी शे. लोहारनी मन्हा हात पाहीसन ते वाकाडं व्हतं.”

डावखुऱ्या बाईसाठी लोहारानं दिलेला बाक, आणि मी त्यात बाण शोधला होता! गावातली मोठी माणसं खुरपं मागायला दारात आल्यावर अक्कांना नाही म्हणता आलं नव्हतं. मला संताप आला, आधी स्वतःचा.

तिसऱ्या दिवशी नानांसमोर तो सगळा ओतला.

“अहो, उद्घाटन झालंय. फोटो छापून आलेत,” नाना म्हणाले.

“मग फोटो ठेवा पेटीत! बाईच्या हाताला फोड आलेत, आणि तुम्ही तिचं रोजचं हत्यार जुनं म्हणून मांडलंय?”

शेवटी नानांनी पेटी उघडली. मी पुन्हा भडगावची एसटी धरली. अक्कांनी खुरपं डाव्या हातात घेतलं, चिंधी सोडून फेकली आणि सरळ वाफ्यात बसल्या. माझ्याशी बोलायला त्यांना वेळ नव्हता.

घरी येऊन आठवडा झाला. क्षुरप्राची व्युत्पत्ती अजूनही बरोबरच आहे, पण ती सांगताना आता जीभ अडखळते. काल नानांचा फोन आला, “एका जुन्या पकडीचा फोटो पाठवलाय, पाटीसाठी चार ओळी द्या.”

मी विचारलं, “आधी सांगा, कोणाच्या हातातून काढून आणलीत?”