चांदी काढून उरलेलं पाणी

माझी सासुरवाडी हुपरीची. घरातच पैंजणांचं काम. मेव्हणा पुढच्या खोलीत जोडकाम करतो, त्याची बायको घुंगरू लावते आणि काळपट झालेला माल ॲसिडच्या पाण्यात बुडवून, धुऊन पांढराशुभ्र करणं हे सासूबाईंचं खातं. त्यात त्या कुणाला हात घालू देत नाहीत.

चांदीच्या घरात वाया काहीच जात नाही. फरशीवरचा केरसुद्धा डब्यात साठवतात, कारण त्यातून चांदी निघते. धुतलेल्या पाण्याचंही तेच. सासूबाई ते एका बादलीतून दुसऱ्या बादलीत निवळत ठेवायच्या. तळचा गाळ डब्यात जायचा आणि वरचं नितळ पाणी घरामागच्या परड्यातल्या अळवाला.

"चांदी काढून घेतली की मागं काय ऱ्हातंय? पाणीच की," असा त्यांचा सिद्धांत. अळूनंही त्यांना साथ दिली होती. पानं सुपाएवढी, हिरवीगार. मी स्वतः त्या पानांच्या वड्या दोन्ही हातांनी खाल्ल्या आहेत आणि वर सिद्धांताला मानही डोलावली आहे.

अळवाला लागूनच बोअर. सासूबाईंचा गल्लीतला मान त्या बोअरवर उभा होता. नळाचं पाणी एक दिवसाआड, तेही आलं तर. मग बायका कळश्या घेऊन यायच्या आणि सासूबाई परड्याच्या दारात खुर्ची टाकून बसायच्या. पाणी फुकट, पण चौकशी सक्तीची. कुणाची सून माहेरी का गेली हे कळल्याशिवाय कळशी भरायची नाही.

मी राहतो शहरात, मंगळवार पेठेत. नदीच्या प्रदूषणावर माझं भाषण कायम तयार असतं. चहाच्या टपरीवर लोक मला बघून कप लवकर संपवतात. नळाला नदीचंच पाणी, म्हणून घरी ते प्यायला आणि स्वयंपाकाला मी बंदीच केली होती. त्यासाठी दर रविवारी हुपरीहून बोअरचे दोन कॅन आणायचे. एस.टी.चा कंडक्टर मला ओळखायला लागला होता.

"पावणं, काशीहून आला का?"

मधेच केव्हातरी हुपरीला डाळ शिजेनाशी झाली. आधी कुकरचं रबर बदललं. मग दुकानदाराचा उद्धार झाला, "ही डाळ हाय का छर्रे?" दुकानदारानं डाळ बदलून दिली, तीही शिजेना. शेवटी गाडी सुनेवर आली. "हिच्या हाताला गुणच न्हाय," असं सासूबाई फोनवर माझ्या बायकोला रोज सांगायच्या. बायको हुंकार भरायची, कारण आमच्याकडेही वरण दाताखाली येत होतं आणि दोष मी तिला देत होतो.

एका शनिवारी कॅन संपला. बायकोनं मला न विचारता नळाच्या पाण्यात डाळ लावली. नेहमीच्याच शिट्ट्यांत डाळ लोण्यासारखी झाली. तिनं डाव माझ्या तोंडासमोर धरला.

"अहो, बघा. आता भाषण करा."

दुसऱ्या दिवशी मी नळाच्या पाण्यानं भरलेला कॅन घेऊन हुपरीच्या गाडीत चढलो. कंडक्टरनं कॅनकडे बघत तिकीट फाडलं. तिथं दोन शेगड्या, दोन कुकर, डाळ एकाच डब्यातली. नळाच्या पाण्यात वरण, बोअरच्या पाण्यात छर्रे. मेव्हण्याची बायको झाकण हातात धरून म्हणाली, "माझ्या हातानंच लावलीया की दोन्ही." सासूबाईंनी वाटीतला दाणा बोटानं दाबून बघितला आणि वाटी खाली ठेवली.

बोअरचं पाणी तपासून घेतलं. पिण्यालायक नाही, असं आलं. तपासणाऱ्यानं मेव्हण्याला विचारलं, बोअरजवळ काही ओतता का?

"न्हाय वो. नुसतं पाणी."

"कसलं पाणी?"

"चांदी काढल्यालं."

मग त्यानं मेव्हण्याला समजावलं. ॲसिड गाळात बसत नाही, ते पाण्याबरोबरच जमिनीत उतरतं, तिथला चुना विरघळवतं आणि त्या जड पाण्यात डाळ शिजत नाही. आणि अळू माजतो तो त्याच पाण्यातल्या खताच्या गुणाच्या खारानं, असंही त्यानं सांगितलं. पोटातल्या वड्या मी मनातल्या मनात मोजल्या.

आता गल्लीला काय सांगायचं? मेव्हणा म्हणाला, "दाजी, मोटार जळली म्हनून सांगू. कशाला बोभाटा?"

सासूबाई उठल्या. "आणि आजवर पाजलंय ते?"

कळश्या आल्या तेव्हा त्यांनी बोअरच्या नळाला फडकं बांधून टाकलं होतं. खुर्ची आत होती. उभ्यानंच त्यांनी सगळं सांगितलं, अळूपासून डाळीपर्यंत. बायकांनी कळश्या खाली ठेवल्या. मग शेजारीण म्हणाली, "काकू, आमीबी परड्यातच ओततूय की." तिच्यामागची म्हणाली, "आमी गटारीत." कुणी कुणाला दोष देण्याच्या परिस्थितीत राहिलं नाही.

सासूबाई आता ते पाणी झाकणाच्या पिंपात साठवतात. पिंप भरत आलंय. "न्यायचं कुठं?" असं मेव्हणा मला विचारतो, कारण नदीवर मी एवढं बोलतो. मी चहाचा कप लवकर संपवतो.

शेजारणीकडे नळ लवकर येतो. सासूबाई तिथं कळशी घेऊन जातात. शेजारणीनं दारात खुर्ची टाकली आहे. "काकू, सून बोलती का आता तुमच्याशी?" असं ती विचारते, आणि उत्तर मिळेपर्यंत कळशी भरत नाही.