भाऊंना दिलेलं पाणी

माझं मत एकाच माणसाचं आहे, भाऊंचं. भाऊ आयुष्यात एकदा निवडून आले, बाकी प्रत्येक वेळी पडले आणि एकदा तर अनामत रक्कमही घालवून बसले. आता वय झालं म्हणून ते उभे राहत नाहीत, तरी मी त्यांच्या पक्षाचं चिन्ह यंत्रावर शोधून काढते आणि तेच बटण दाबते. आमचे हे चिडवतात, "तुझं बोट लागलं की माणूस पडलाच समज." चिडवू देत. त्यांना काय माहीत नाही असं थोडंच आहे?

मी सातवीत होते. आमचं गाव कामशेतहून पवनेकडे जाताना लागतं, आणि आमची बौद्धवस्ती गावापासून ओढ्याने तोडलेली. निवडणूक आली की उमेदवारांच्या जीपा देवळापाशी थांबायच्या. आमच्याकडे ते उभ्या उभ्या यायचे, हात जोडायचे, समतेवर दोन वाक्यं बोलायचे आणि चहा प्यायला परत गावात जायचे. भाऊ तेव्हा तिशीचे असतील. ते चालत आले, आमच्या उंबऱ्याशी खाली बसले आणि आईकडे पाणी मागितलं.

आई गोंधळली. "जरा थांबा भाऊ, वरल्या आळीतनं आणवते," ती म्हणाली.

"का मावशी, तुमच्या माठात न्हाई व्हय?"

"हाय की. पर..."

"मग तेच द्या."

आईने पितळी तांब्या भरून दिला. बरोबर आलेली गावातली मंडळी दुसरीकडे बघत राहिली. भाऊ सगळं पाणी प्यायले आणि म्हणाले, "लय गार हाय. आणखी द्या." आईने दुसरा तांब्या काठोकाठ भरून दिला. ती मरेपर्यंत भाऊंना मत देत राहिली आणि तिच्यानंतर मी. त्यांची भाषणं मला पुढे कळू लागली, पटलीही. पण खरं सांगायचं तर माझी राजकारणाची सगळी समज त्या दुसऱ्या तांब्यापाशी सुरू होते.

आता आम्ही बेगडेवाडीला फ्लॅटमध्ये राहतो. ह्यांची कंपनीतली नोकरी झाली, मुलं शिकली, सगळं बरं चाललंय. सोसायटीतल्या बायकांची भिशी असते. सुरुवातीला माझ्या घरी भिशी असली की कुणाचा उपास असायचा, कुणी आत्ताच चहा पिऊन आलेली असायची, कुणाचा घसा धरलेला असायचा. एका महिन्यात इतके घसे धरलेले मी दवाखान्यातही पाहिले नाहीत. मग मी सीलबंद पाण्याच्या छोट्या बाटल्या आणायला लागले. त्या सगळ्या जणी घेतात. बाटलीतलं पाणी कुणाच्या घरचं नसतं. ह्यांना वाटतं मला शहरी थाटाची हौस आहे. मी त्यांना तसंच वाटू दिलं.

परवाच्या हिवाळ्यात निरोप आला, भाऊ कुरवंड्याच्या लोकांच्या जमिनीच्या सभेसाठी लोणावळ्याला चाललेत, वाटेत पाच मिनिटं आमच्याकडे येतील. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की इथे एक जुनी मतदार आहे. मी सकाळीच आईचा तांब्या माळ्यावरून काढला, चिंच लावून लख्ख घासला, माठातलं पाणी भरून ओट्यावर ठेवला. ह्यांना बजावलं, "भाऊंना ह्यातूनच द्यायचं."

भाऊ आले. ऐंशी ओलांडलेले, काठी टेकत दोन जिने चढलेले. हे त्यांच्या गाडीला जागा करून द्यायला खाली थांबले, ते भाऊ निघेपर्यंत तिथेच अडकले. पण भाऊंच्या मागून सोसायटीचे सेक्रेटरी आले, शेजारचं जोडपं आलं, भिशीतल्या दोघी आल्या. एवढा मोठा माणूस कुणाकडे आलाय ते बघायला. सगळी सोफ्यावर दाटीवाटीने बसली. मी आत गेले आणि फ्रिज उघडला. ट्रेमध्ये बाटल्या मांडल्या आणि पहिली भाऊंच्या हातात दिली.

हे कमी होतं म्हणून की काय, मी समोर बसून त्यांना ती गोष्ट सांगितली. ओढा, उंबरा, आई, "लय गार हाय." मोठ्या अभिमानाने, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. सेक्रेटरी बाटलीतून घोट घेत "वा, वा" म्हणत होते. भाऊ ऐकत होते. त्यांनी बाटली उघडली नव्हती, नुसती हातात धरली होती. माझं बोलणं संपल्यावर त्यांनी एकदा बाटलीकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे.

"तुझी आई असती तर पाणी मागितलं असतं," ते हळूच म्हणाले, आणि बाटली टीपॉयवर ठेवून काठी घेऊन उठले.

रागावून नाही म्हणाले. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. मी लाजेने त्यांच्या पायाशी वाकायचंही विसरले. "भाऊ, थांबा, माठातलं आणते," एवढं म्हणायला किती वेळ लागतो? पण सगळी बसली होती, आणि तांब्या बाहेर आणला तर तो बाकीच्यांपुढेही धरावा लागला असता. ती भीती माझ्या जिभेवर बसली. ज्या माणसाने आईची ती भीती घालवली, त्याच्यासमोर मी ती ट्रेमध्ये मांडून आणली.

सगळी त्यांना सोडायला खाली गेली. भाऊंच्या बाटलीचं सील तसंच होतं. ओट्यावरचा तांब्या काठोकाठ भरलेला. मी घाईघाईने तो बेसिनमध्ये रिकामा केला, आणि हे वर आले तेव्हा मी तो पालथा घालत होते.

"दिलंस ना आईच्या तांब्यातून?" ह्यांनी विचारलं.

"दिलं."

हे इतके खूश झाले की आता जिथे तिथे तेच सांगत असतात. गेल्या महिन्यात पुतणीच्या लग्नात पंगतीत बसून सांगत होते, की भाऊ आमच्या घरी आले आणि सासूबाईंच्या त्याच तांब्यातून पाणी प्यायले. माझी धाकटी भाची माझ्याकडे वळून म्हणाली, "आत्या, खरंच? परत मागितलं का त्यांनी?"

सगळे माझ्याकडे बघत होते.

"हो," मी म्हणाले, "मागितलं."