समोरच्याच्या ओळी

११ जानेवारी, रविवार. करड्या चादरीला इस्त्री करत होते. चादर अंथरायची नव्हती. ती पाहुण्यांच्या खोलीतल्या भिंतीवर चिकटपट्टीने लावायची असते आणि तिच्यावर एकही सुरकुती चालत नाही, कारण कॅमेऱ्यात आधी सुरकुती दिसते आणि मग माणूस. सोमवारी सकाळी मुलगी शिकागोहून आगगाडीने यायची होती. तिला एका नव्या मालिकेसाठी टेप पाठवायची होती. ती अमेरिकन टीव्हीवर नटी आहे आणि गेल्या गुरुवारपासून माझं तिच्याशी धड बोलणं नव्हतं.

टेपचं सांगते. हल्ली भूमिका हवी असेल तर कुणी समोर बोलावत नाही. प्रसंगाची पानं ईमेलने येतात, आपण घरी साध्या भिंतीपुढे उभं राहून तो करायचा, फोनवर चित्रित करायचा आणि पाठवून द्यायचा. समोरच्या पात्राच्या ओळी कॅमेऱ्याशेजारी उभं राहून कुणीतरी वाचाव्या लागतात. त्या माणसाला रीडर म्हणतात. तो दिसत नाही, त्याचा फक्त आवाज येतो. गेली अनेक वर्षं आमच्या घरात ते काम माझं आहे. नवरा एकदा उभा राहिला होता, पण पोलीस अधिकाऱ्याच्या ओळी त्याने अशा वाचल्या की मुलगी हसून खाली बसली.

माझे नियम ठरलेले होते. आवाज खालचा, ओळी स्पष्ट, अभिनय नाही. टेप तिची आहे, माझी नाही. या पद्धतीने मी खुनी झाले, न्यायाधीश झाले, दोनदा तिचा प्रियकर झाले. तिला भूमिका मिळत गेल्या, सुरुवातीला अगदीच किरकोळ. एका मालिकेत ती पहिल्या पाच मिनिटांत प्रेत होती. मग दुकानातली मुलगी, मग कंप्युटरपाशी बसून पत्ता शोधून देणारी. शिकागोजवळच्या आमच्या नेपरव्हिलच्या मराठी मंडळात तेव्हा एक निवृत्त डॉक्टरकाका दर वेळी विचारायचे, "काय, लेक या आठवड्यात जिवंत आहे का?" मेडिकलचा अभ्यास सोडून ती नाटकाकडे वळली, हे त्यांनी तिला कधी माफ केलं नाही. पुढे शिकागोतच शूट होणाऱ्या एका हॉस्पिटलच्या मालिकेत तिला डॉक्टरचीच कायमची भूमिका मिळाली, तेव्हा काका म्हणाले, "शेवटी झालीच ना. आता स्टेथोस्कोप सरळ लावायला शिकव तिला."

गेल्या उन्हाळ्यात ती पानं घेऊन आली. म्हणाली, "आई, ऑडिशन नाहीये. या सीझनला माझ्या कॅरेक्टरची आई येणार आहे. मला तिच्याबरोबरचा सीन समजून घ्यायचाय. तू आईचं वाच."

मी वाचलं. ती आई मुलीच्या फ्रिजमध्ये काय नाही ते मोजत होती. ठीकच होतं. मग मुलीने पानं बाजूला ठेवली आणि म्हणाली, "यात मला रिअॅक्ट करायला काहीच मिळत नाहीये. काहीतरी खरं सांग. आजी गेली तेव्हा तू काय केलंस?"

फोन तिच्याकडे तोंड करून स्टँडवर होता. चालू आहे की बंद, हे मी पाहिलं नाही. तिच्या चेहऱ्याला काहीतरी हवंय, ते आपण द्यायचं, एवढंच मला कळत होतं. वर्षानुवर्षं तेच तर करत होते.

म्हणून सांगितलं. दिवाळीचे शंकरपाळे तळत होते. मुलगी शाळेत होती, नवरा ऑफिसात. नागपूरहून भावाचा फोन आला, आई गेली. मी "बरं" म्हटलं. फोन ठेवला. पोळी लाटून कातणीने कापून तयार होती, ती वाळली असती, म्हणून उरलेले घाणे तळले. एक चाखून पाहिला, गोड बेताचं झालं होतं. गॅस बंद केला, कढई निवत ठेवली. मग गॅरेजमध्ये जाऊन गाडीत बसले, काचा वर केल्या आणि शेजारचा कुत्रा भुंकायला लागेपर्यंत ओरडत राहिले. मग तोंड धुतलं आणि विमानाची तिकिटं पाहायला बसले. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. सांगण्यासारखं काही नव्हतंच त्यात.

मुलगी ऐकताना रडली. मला वाटलं, चला, सीनचं काम झालं.

गुरुवारी तो भाग लागला. मंडळातल्या एका मैत्रिणीकडे सगळे जमलो होतो. मालिकेतली आई म्हणजे गोरीपान, उंच बाई, मराठीशी तिचा काही संबंध नसावा. ती कढईपाशी उभी होती. फोन वाजला. तिने ऐकलं आणि म्हणाली, "बरं."

इंग्रजी मालिकेत, त्या बाईच्या तोंडून, "बरं." आणि नुसता शब्द नाही. शब्दाच्या शेवटी माझा आवाज जसा खाली बसतो तसा तिचा बसला. हे कागदावरून येत नाही. कुणीतरी तिला ऐकवलं असलं तरच येतं.

मग तिने उरलेले घाणे तळले. एक उचलून खाल्ला, मान हलवली. खोलीत हशा झाला. मैत्रीण म्हणाली, "अगं, अगदी तुझ्यासारखी आहे ही." पुढच्या प्रसंगात माझी मुलगी, डॉक्टरचा कोट घालून, दुसऱ्या डॉक्टरला सांगत होती की माझ्या आईची आई मेली आणि माझ्या आईने गोड बरोबर झालंय का ते पाहिलं. अशा बाईच्या हाताखाली मी वाढले, असं ती म्हणाली. मग जाहिराती लागल्या.

गॅरेज आलंच नाही. मी भाग संपेपर्यंत वाट पाहिली.

डॉक्टरकाका म्हणाले, "आज मात्र बरं केलं हो तिने काम." मी सगळ्यांचे चहाचे कप गोळा केले आणि धुवायला नेले.

परतताना बर्फ पडत होतं. नवरा हळू गाडी चालवत होता. म्हणाला, "ते आपल्याकडचंच होतं ना? त्या दिवशीचं?"

"हो."

"मी आलो तेव्हा डबा भरून टेबलावर होता. आई गेल्याचं तू सांगायच्या आधीच मी दोन-चार खाल्ले होते." मग सिग्नलला थांबल्यावर, "फोननंतरचं तू मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगितलं नाही. तिला सांगितलं. बघ काय झालं ते."

त्याला लागलं होतं. तेही मला त्या मुलीच्या खात्यावरच टाकावंसं वाटलं.

शनिवारी तिचा फोन आला. "आई, पाहिलंस? एव्हरीबडी इज टॉकिंग अबाउट इट. सीझनमधला बेस्ट सीन आहे तो."

"माझा आवाज कुणाला ऐकवलास?"

"रायटर्सना पाठवला. आणि तिला, जी आई करते तिला. फक्त रेफरन्ससाठी. आई, असंच करतात. सगळेच आपल्या लाइफमधून घेतात."

"मला विचारायचं होतंस."

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणून विचारलं नाहीस."

मग मी विचारलं, "गॅरेज कुणी कापलं?"

मला वाटलं होतं, ती सांगेल की वेळ नव्हता, एडिटमध्ये गेलं, चॅनलवाल्यांना नको होतं. ती तसं म्हणाली असती तर मी कदाचित मान्यही केलं असतं.

"मी," ती म्हणाली. "पाठवतानाच मी तिथपर्यंत ट्रिम केलं. ते गाडीतलं मला द्यावंसं वाटलं नाही. दॅट वॉज युअर्स. प्रायव्हेट होतं ते."

"आणि आधीचं कुणाचं होतं?"

"आई, प्लीज. मी तुला प्रोटेक्ट करत होते."

तिला ते खरंच वाटत होतं, हे मला आवाजावरून कळलं. तिच्या इतक्या टेप मी ऐकल्या आहेत की ती कधी अभिनय करते आणि कधी नाही, ते मला ओळखता येतं. पण त्याने काही हलकं झालं नाही. तिने माझ्यातलं निम्मं उचललं, उरलेलं मला परत दिलं आणि त्याला जपणं म्हटलं. जे उचललं त्यात मी दगड होते, आणि ते आता नागपूरपर्यंत पोचेल. भाऊ पाहील आणि समजेल, आपली बहीण फोन ठेवून शंकरपाळे खात होती.

मग तिने मूळ कारण सांगितलं. सीझन संपताना तिच्या डॉक्टरची बदली दुसऱ्या शहरात होणार होती. म्हणजे तिची नोकरी गेली होती. टीव्हीवर माणसाला मारत नाहीत तेव्हा बदली करतात. नव्या मालिकेत मुख्य भूमिका होती, वकिलाची. टेप सोमवारी दुपारपर्यंत हवी होती. "तू वाचशील ना? मला दुसऱ्या कुणाबरोबर जमत नाही, यू नो दॅट."

"गाडी किती वाजता पोचते?" मी विचारलं.

रविवारी मी चादरीला इस्त्री करत असताना नवरा दारात येऊन उभा राहिला. "म्हणजे तू वाचणार."

"तिचं काम गेलंय."

"आणि तुझं?"

"माझं काय, मी रीडर आहे," म्हटलं आणि चादरीची चौथी कड ओढून घेतली. रागाने इस्त्री केली की कापड छान सपाट होतं, हा अनुभव आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला स्टेशनवरून आणलं. गाडीत आम्ही बर्फ वितळायला रस्त्यावर टाकलेल्या मिठाबद्दल बोललो. चादर लावली, दिवा लावला, स्टँडवर तिचा फोन बसवला. मी कॅमेऱ्याशेजारी माझ्या जागी उभी राहिले आणि न्यायाधीशाच्या ओळी वाचल्या. सगळ्या वाचल्या, एकाही ओळीवर अडखळले नाही. त्यात दुसरं काही घातलं नाही.

पहिल्या टेकनंतर ती म्हणाली, "आई, थोडं दे ना. मला काहीच मिळत नाहीये."

"रीडरने अभिनय करायचा नसतो."

मग तिने केस मागे सारले आणि आणखी दोन टेक केले. शेवटचा चांगला झाला. मी तिला तसं सांगितलं, कारण तो झाला होता.

मग मी हात लांब करून स्टँडवरचा फोन काढला, रेकॉर्डिंग बंद आहे हे पाहिलं, पालथा करून टेबलावर ठेवला, आणि मग तिला विचारलं, चहा घेणार का.