काका आणि अंबाडीचा डबा

ज्या देशात आभाळ बारा महिने गळतं, तिथे राहून पाण्याची कंजुषी करणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका आमच्या वॉटफर्डच्या घराला लागून राहायचा. त्या काकांची उभी हयात विदर्भात पाणीपुरवठ्याच्या खात्यात गेली. एका आख्ख्या गावाला त्यांनी एक दिवसाआड पाणी दिलं आणि रोज शिव्या खाल्ल्या. निवृत्त होऊन काकूंसकट मुलीकडे राहायला आले, तरी हात सैल झाला नाही. इथे गाव नव्हतं, म्हणून त्यांनी अंबाडी लावली.

लावण्याला कारण होतं. मार्चमधल्या तापानंतर काकूंच्या तोंडाची चवच गेली. वरण असो की केक, सगळं त्यांना कागद चावल्यासारखं लागे. दोन घास खाऊन ताट सारायच्या. एकदा सहज म्हणाल्या, "अंबाडीची भाजी असती तर खाल्ली असती." झालं. काकांनी नागपूरहून मेहुणीकडून बी मागवलं, चाकांचा जुना कचऱ्याचा डबा अर्धा कापला, तळाला ड्रिलने भोकं पाडली आणि स्वयंपाकघराच्या दाराशी विटांवर ठेवला. इथल्या थंडीत मूठभर बियांतून सहा रोपं आली. त्या सहांवर काकूंचं जेवण टांगलेलं होतं, त्यामुळे काकांनी डब्याचा ताबाच घेतला.

"मोठ्या डब्याचं कसं असतं, वर वाळवंट आणि खाली विहीर," ते मला सांगत. "वरची माती पाहून पाणी घालणारा माणूस झाड मारतो." कुंडी उचलून वजनावरून ओल कळते म्हणे, हा डबा उचलणं शक्य नव्हतं, म्हणून ते त्याला गुडघ्याने रेटून पाहत. मग काकूंची विणायची लांब सुई मातीत खुपसायची, बाहेर काढायची, चष्मा वर करून निरखायची. सुईला माती चिकटली की आज पाणी बंद.

आपल्या लोकांना मात्र पाणी ओतून देववत नाही. तांदूळ धुतलेलं, पाहुण्याने अर्धं टाकलेलं, सगळं झाडाला. मीही एकदा चहाआधी दिलेलं उरलेलं पाणी सवयीने डब्यात रिकामं केलं. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुण्याचा असूनही वरमलो. "तुझं पुण्य माझ्या मुळांत साचतं," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी डब्यावर पाटी लागली : पाणी घालू नये. विचारूनही घालू नये.

अंबाडीच्या पानाला हाताच्या बोटांसारखे फाटे असतात. पलीकडच्या गोऱ्या आजोबांनी कुंपणावरून हळूच विचारलं, हा गांजा तर नाही ना? काकांनी एक पान तोडून त्यांना चावायला दिलं. आजोबांचा चेहरा आंबट झाला. "तुमच्याकडे गांजासुद्धा जगला नसता," काकांनी त्यांच्या कुजलेल्या जिरेनियमकडे बोट दाखवलं, "फार पाणी घालता."

आणि जुलैत अंबाडीच पिवळी पडली. पाऊस नाही, काकांनी आठवडाभर थेंब घातलेला नाही, तरी सुई रोज ओली. खालची पानं गळू लागली. काकांनी जेवण कमी केलं. संशय अर्थातच माझ्यावर होता. तो झटकायला मी एका शनिवारी सकाळी त्यांच्यासोबत आमच्या खिडकीत पहाऱ्याला बसलो.

दहा वाजता शेजारी अलार्म वाजला. डॉक्टरांनी काकूंना पाणी भरपूर प्या म्हणून सांगितलं होतं, आणि काकांनी दर दोन तासांनी एक भरलेला पेला असा बंदोबस्त केला होता. दार उघडलं. काकू पेला घेऊन बाहेर आल्या, दोन घोट प्यायल्या आणि उरलेला अलगद डब्यात ओतला.

काका तसेच सपाता फटफटवत गेले. मी मागे.

"अहो, तहान नसताना किती ढोसायचं माणसाने?" काकू शांतपणे म्हणाल्या. "आणि टाकून कसं देऊ? डब्यात तरी सुई घालून बघत होतात तुम्ही. मला तर तहान आहे का, विचारलंसुद्धा नाही."

गावाच्या शिव्यांना उत्तर देणाऱ्या माणसाने काकूंचा फोन मागून घेतला आणि सगळे अलार्म बंद केले. दुपारी आम्ही डबा कलता करून पाणी निथळवलं. सहातली दोन रोपं उरली.

ऑगस्टच्या शेवटी त्या दोन रोपांची वाटीभर भाजी झाली, कण्या घालून, वर लसणाची फोडणी. काकूंनी घास घेतला. आम्ही त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"मीठ कमी आहे," त्या म्हणाल्या.

काका मीठ आणायला म्हणून आत गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. आले तेव्हा डोळे लाल होते आणि हातात मिठाऐवजी पाण्याचा पेला होता. तो टेबलावर ठेवून म्हणाले, "तहान लागली तर."

थंडी सोसेना म्हणून ती दोघं ऑक्टोबरात नागपूरला परतली. डबा आणि सुई मला देऊन गेली. डब्यात अजून मी काही लावलेलं नाही. पण पेल्यात पाणी उरलं की पाय आपसूक मागच्या दाराकडे वळतात, आणि पाटी वाचून मी तसाच परत येतो.