दौंडमधलं समुद्री बाळंतपण

दौंडहून फोन आला, आप्पा गेले... आणि मला आधी आठवली ती त्यांची काचेची टाकी. माणसाआधी टाकी आठवावी याची लाज वाटली. पण आप्पांना ते आवडलं असतं.

पाटसच्या साखर कारखान्यात आम्ही दोघं शेजारी उभे राहून उसाच्या रसाची घनता मोजायचो. नव्वदच्या दशकात त्याच हातांनी आप्पा घरी खारं पाणी मोजू लागले. पुण्याहून समुद्री मीठ आणलं आणि प्रवाळात राहणाऱ्या नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांच्या क्लाऊन माशांची जोडी पाळली. मोठी ती मादी, बारका तो नर. दुकानदार म्हणाला होता, अंडी घालतील, पिल्लांचं विसरा. झालं, आप्पा पेटले.

मादीने कौलाच्या तुकड्यावर अंडी घातली आणि आप्पांनी लगेच नराला खाऱ्या पाण्याच्या बादलीत हलवलं. घर पिढ्यान्‌पिढ्या मेंढपाळांचं. मेंढी व्यायली की एडका लांब बांधायचा, हे अंगातच मुरलेलं. अंडी पांढरी पडून कुजली. दुसऱ्या खेपेलाही तेच. वैनी म्हणाल्या, "आता एकदाच. न्हाई जमलं तर टाकी घराभाईर." आप्पांचं तोंड एवढंसं झालं. मी हसलो, त्याचं आजही वाईट वाटतं.

तिसऱ्या वेळी आप्पांनी जाळी पाण्यात घातली, तर तो बोटभर नर त्यांच्या हातालाच चावू लागला. वैनी मागेच उभ्या होत्या.

"राहू द्या की त्याला. बाप हाय त्यो."

"आन् अंडी खाल्ली मंजी?"

"तुम्ही खाल्ली व्हय तुमची पोरं?"

आप्पांनी जाळी खाली ठेवली. मग आठवडाभर नर पंखांनी अंड्यांना वारा घालत होता, खराब अंडी वेचून काढत होता. अंड्यांत चंदेरी डोळे दिसू लागले. आठव्या दिवशी दिवेलागणीनंतर आप्पांनी खोलीत अंधार केला, थोड्या वेळाने बॅटरी लावली... पाण्यात नुसते डोळेच डोळे पोहत होते. आप्पा माझा हात धरून रडले. शेवटी सात मोठी झाली. त्यांतली दोन आम्ही पुण्याच्या त्या दुकानदारापुढे नेऊन ठेवली. परतीच्या एसटीत जागा असूनही आप्पा दौंडपर्यंत उभ्याने आले.

गेल्या आठवड्यात वैनींकडे गेलो, तर त्यांचा पुतण्या टाकी न्यायला टेम्पो घेऊन आला होता. वैनी टाकीपुढे खुर्ची टाकून बसलेल्या. आत त्या सातांच्याच वंशातली जोडी, कौलावर ताजी अंडी, आणि नर राखणीला.

"बाळंतपण चालू हाय," वैनी म्हणाल्या. "आता न्हाई हलवायची."

"मग पुढच्या महिन्यात येतो, काकू."

"ये की. तवाबी अंडी असत्याल."