दोरीचं दुसरं टोक

निवृत्त झालो, खाकी वर्दी कपाटात गेली, पण त्या पोराचे भाजलेले तळहात अजून डोळ्यांसमोरून हलत नाहीत. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, लोक मला त्यांच्याबद्दलच विचारतात. मला मात्र सांगावीशी वाटते ती एका जळालेल्या मांडवाची हकिगत. नाव कोणाचंच घेणार नाही. ती माणसं त्याच गावात राहतात आणि रोज एकमेकांच्या समोर येतात.

तेव्हा मी सावदा भागातल्या एका ठाण्यात निरीक्षक होतो. मी मूळचा सोनगीरचा, कोरडवाहू मुलखातला. इथे जिकडे पाहावं तिकडे केळी. बागेतून आलेले घड ट्रकमध्ये भरणाऱ्या हमालांच्या दोन संघटना गावात होत्या. एक आमदारांच्या पक्षाची, दुसरी विरोधकांची. भरणीचा दर वाढवून मिळावा म्हणून विरोधकांच्या संघटनेनं संप पुकारला होता. आमदारांची संघटना कामावर राहिली. माझं मत विचाराल तर मागणी रास्त होती. उन्हातान्हात खांद्यावर घड वाहणाऱ्याला चार पैसे जास्त मागायला कोणाची परवानगी लागू नये. पण दर एकच, ओझं एकच आणि झेंडे दोन, असा तो प्रकार होता. दोन्हीकडचे नेते गाडीतून उतरायचे, भाषण ठोकायचे आणि गाडीतून निघून जायचे. मागे राहायची ती भांडणं. संपातल्या आणि कामावरच्या घरांनी एकमेकांशी बोलणं टाकलं होतं. पिठाच्या गिरणीत बायासुद्धा तोंड फिरवून उभ्या राहायच्या.

त्यातच फुटबॉल आला. गावात कॉलेजं दोन, आणि त्यांच्या संस्थाही या दोन पक्षांनी वाटून घेतलेल्या. त्या वर्षी कॉलेजांच्या स्पर्धेत अंतिम सामना या दोघांमध्येच होणार होता. झालं! चौकाचौकात फलक लागले. फलकावर खेळाडू नखाएवढे आणि नेते दाराएवढे. ज्यांना गोल कुठून मारतात हेही ठाऊक नाही, ते पानटपरीवर छाती ठोकून पैजा लावत होते.

सामना दोन दिवसांवर आलेला असताना दुपारी संपकऱ्यांचा धरण्याचा मांडव जळाला. केळीच्या वखारीच्या कुंपणाला लागून तो उभा होता, शेजारी केळीच्या सुक्या पानांचा ढीग. सगळे मोर्चाला गेलेले. परत येतात तो नुसत्या बल्ल्या उभ्या. जीवितहानी झाली नाही हे नशीब. आम्ही पंचनामा केला. राखेत वाकलेल्या खुर्च्या, भांडी आणि एक शेगडी सापडली. संध्याकाळी ठाण्यासमोर घोषणा सुरू झाल्या आणि अज्ञात व्यक्तीविरुद्ध जाळपोळीचा गुन्हा दाखल झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळची हजेरी चालू असतानाच ठाण्यात फोन आला. बोलणाऱ्यानं नाव सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, ‘‘आमदारांच्या कॉलेजच्या गोलकीपरचे हात बघा.’’

हा गोलकीपर म्हणजे कामावर राहिलेल्या हमालांच्या मुकादमाचा मुलगा. सकाळी कॉलेज, दुपारी बापाबरोबर भरणी, संध्याकाळी मैदान. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी असलेल्या जागेवर त्याची निवड झाली होती, फक्त चारित्र्य पडताळणी बाकी होती. जाळपोळीच्या गुन्ह्यात नाव आलं असतं तर ती नोकरी गेलीच म्हणून समजा. घरात पहिल्यांदाच कोणीतरी खांद्यावर घड न वाहता पगार आणणार होतं.

चौकशीला बोलावलं तर बापाबरोबर आला. हात मागे धरून उभा. मी समजावून सांगितलं, पण तो काही हात पुढे करेना. अशा वेळी माझ्या तोंडून आपोआप सोनगीरची बोली बाहेर पडते. म्हटलं, ‘‘घाबरू नको भाऊ, तुन्हा हात दखाड.’’

त्यानं हात पुढे केले. दोन्ही तळहातांवर फोड आले होते, काही फुटलेले.

‘‘कशानं भाजलं?’’

‘‘चहा सांडला, साहेब.’’

दोन्ही तळहातांवर एकदम चहा सांडत नाही. माझा हवालदार गालात हसला, म्हणजे त्याच्या लेखी तपास संपला होता. माझ्या मात्र एक गोष्ट ध्यानात आली. फोडांच्या कडा पांढरट होत्या आणि नखांत पांढरं साचलेलं होतं. मनगटावरचा एकही केस जळालेला नव्हता. आगीत हात घालणाऱ्याचे केस आधी जळतात. आमच्या घरी दिवाळीआधी भिंतींना चुना लावायचा असे तेव्हा माझ्या हातांची हीच गत व्हायची. मी त्याला सरकारी दवाखान्यात पाठवलं. डॉक्टरांनीही लिहून दिलं, ही भाजणूक आगीची नाही, चुन्याची असावी.

चुना आणि गोलकीपर म्हटल्यावर मी तडक सामन्याच्या मैदानावर गेलो. ते विरोधकांच्या कॉलेजचं होतं. तिथले शिपाई संपाच्या पाठिंब्याला रजेवर गेलेले, त्यामुळे मैदान कोणी आखलं नव्हतं आणि सामना रद्द करून दोन्ही संघांना विभागून करंडक द्यायचं घाटत होतं. आता पाहतो तर सगळ्या रेषा आखलेल्या! काळ्या मातीतल्या भेगा मुरुमानं बुजवलेल्या, वरून पाणी मारलेलं. रखवालदार म्हणाला, ‘‘काल सकाळी काहीच नव्हतं साहेब. मी मोर्चाला गेलो, संध्याकाळी येऊन पाहतो तर हे असं. म्हटलं, संस्थेनं करून घेतलं असंन.’’ कोपऱ्यात एक पिंप पडलं होतं. दुकानात रेषा आखायची तयार फक्की मिळाली नसावी, म्हणून कोणीतरी कळीचा चुना आणून त्यात विरवला होता. उघड्या हातांनी हे काम करणाऱ्याचे हात भाजणारच.

मधलं वर्तुळ पाहायला मी खाली बसलो. असं वर्तुळ दोरीनं काढतात. दोरी मध्यभागी खुंटीला बांधायची, नाहीतर तिथे माणूस उभा करायचा. खुंटीचं भोक कुठेच नव्हतं. ओल्या मातीत होती ती टाचेवर गोल फिरलेल्या बुटाची खूण. गोलकीपरचे बूट मागवून पाहिले. त्याचे ठसे वर्तुळाच्या कडेनं गेले होते. मधली टाच दुसऱ्याच कोणाची तरी होती.

म्हणजे मांडव जळत होता तेव्हा पोरगा मैदानावर होता आणि ते सांगू शकणारा एक साक्षीदार गावात हिंडत होता. मी परत येऊन त्याला समोर बसवलं.

‘‘दोरीचं दुसरं टोक कोणी धरलं होतं?’’

त्याचा चेहरा उतरला. बाप म्हणाला, ‘‘सांग ना रे! नोकरी जाईन तुही!’’ पोरानं भाजलेले हात जोडले. मग म्हणाला, ‘‘साहेब, मले आत टाका. पण ते नका इचारू.’’

मी चढ्या आवाजात विचारलं, गोडीत विचारलं, एकटा बसवून विचारलं. पोरगा हलला नाही. स्वतःची कातडी वाचवायला सख्ख्या भावाचं नाव सांगणारे मी ढिगानं पाहिले होते. हा नोकरीवर पाणी सोडायला तयार होता आणि कोणासाठी तेही सांगत नव्हता. मला त्याचा राग आला आणि खरं सांगतो, त्याहून जास्त कौतुक वाटलं.

दुपारनंतर संपकरी पुन्हा ठाण्यावर आले. पुढे त्यांचे अध्यक्ष. सगळे त्यांना नाना म्हणत. माणूस प्रामाणिक, पण पक्षाच्या शब्दाबाहेर न जाणारा. सोबत त्यांचा पुतण्या होता, विरोधकांच्या कॉलेजचा कप्तान आणि त्यांचा गोल मारणारा हुकमी खेळाडू. ‘‘गोलकीपरला अटक करा,’’ एवढीच त्यांची मागणी. दुसऱ्या बाजूनं आमदारांच्या माणसाचा फोन, ‘‘आपला पोरगा आहे, सोडून द्या.’’ पोरगा निर्दोष आहे की नाही हे दोघांपैकी एकानंही विचारलं नाही. पक्षाचा चष्मा चढला की माणसाला आपला आणि त्यांचा एवढंच दिसतं, हे माझं मत मी नोकरीत असताना मनात ठेवलं, आता उघड सांगतो.

मी बाहेर पायरीवर आलो आणि म्हणालो, ‘‘काल दुपारी हा पोरगा मैदान आखत होता, असं मला वाटतं. त्याच्याबरोबर आणखी एक जण होता. त्यानं पुढे येऊन जबाब दिला तर हा आत्ता घरी जाईल. नाही आला, तर मला याच्यावर कारवाई करावी लागेल. पोरगा नाव सांगत नाही.’’

गर्दीत कुजबुज झाली. मग नानांच्या मागून त्यांचा पुतण्या पुढे आला. हाताला रुमाल गुंडाळलेला. पायरीपाशी येऊन त्यानं तो सोडला. तळहात तसेच सोललेले.

‘‘साहेब, मी व्हतो.’’

नाना ओरडले, ‘‘डोकं फिरलं का तुहं? त्याहीच्या पोरासंग तू?’’

‘‘नाना, मैदान कोन्हीच आखत नव्हतं. अर्धा करंडक नको व्हता आमाले. खेळून काय व्हईन ते व्हईन, असं ठरवलं आमी.’’

‘‘आपला मांडव जळाला अन् तू त्याची बाजू घेतो?’’

‘‘मांडव कोन्ही जाळला मले मालूम नाही. यानं नाही जाळला. तवा तो माह्यासंग व्हता.’’

एवढ्या लोकांत, आपल्याच माणसांच्या तोंडावर, आपल्याच काकाला हे सांगायला काय लागतं ते मला विचारा. मी बंदुकीसमोर उभे राहिलेले शिपाई पाहिले आहेत. त्या पोराचं धैर्य मी त्यांच्या बरोबरीनं धरतो. जबाब लिहून घेतला, बूट ताब्यात घेतले, टाचेचा ठसा जुळला.

आणि मग जे झालं त्याची मी कल्पनाही केली नव्हती. गर्दीतून एक अक्का पुढे आल्या. संपकऱ्यांचा चहा त्याच करायच्या. त्या रडत होत्या. ‘‘भाऊ, शेगडी मीच इझवली नव्हती. घाईघाईत मोर्चाले गेली मी. काल सांगत व्हती, तं पुढारी म्हने गप राह्य, आपल्या कामाचं हाये हे.’’ पंचनाम्यात शेगडी पानांच्या ढिगाच्या बाजूलाच दाखवलेली होती. घोषणा बंद पडल्या. ‘पुढारी’ म्हणवणारे दोघे कधी सटकले ते कळलंही नाही. नाना मात्र जागेवरच उभे राहिले. अक्कांजवळ येऊन म्हणाले, ‘‘मले काब्र नाही सांगितलं?’’ आणि त्यांना हाताला धरून घरी घेऊन गेले.

आग अपघाती असल्याचा अहवाल मी न्यायालयात पाठवला. गोलकीपरची पडताळणीही अडली नाही.

तरी गोष्ट इथे गोडीगुलाबीनं संपत नाही. विरोधकांच्या संस्थेनं पुतण्याला संघातून काढलं. सामन्याच्या दिवशी मी बंदोबस्ताला होतो. त्याच्या संघातली पोरं मैदानात आली आणि मधल्या रेषेवर मांडी घालून बसली. कप्तान नाही तर खेळ नाही. समोरचा गोलकीपर, दोन्ही हातांना पट्ट्या, तोही येऊन त्यांच्यात बसला. संस्थेचे लोक लाल झाले, पण एवढ्या गर्दीपुढे करतात काय? शेवटी कप्तानाला आत घेतलं.

सामना बरोबरीत चालला होता. अखेरच्या मिनिटांत त्याच्या संघाला पेनल्टी मिळाली. मारणारा तो, अडवणारा हा. मला वाटलं, आता हा पोरगा चेंडू हळू मारेल किंवा बाहेर घालवेल. मित्राचे हात सोललेले आहेत, नोकरीवर रुजू व्हायचंय, आपण त्याच्यासाठी घरदार अंगावर घेतलंय. त्यानं मागे जाऊन असा दणका दिला की गोलकीपर पूर्ण झेपावला, चेंडू त्याच्या पट्टीला घासला आणि जाळ्यात गेला.

नंतर मी त्याला गाठून विचारलं, ‘‘अरे, त्याच्या हाताचा तरी विचार करायचास.’’

तो म्हणाला, ‘‘केला असता, तं तो माह्याशी जन्मात बोलला नसता साहेब.’’

पक्ष, संघटना, झेंडे मी जन्मभर बंदोबस्तात पाहिले. आपल्या माणसाविरुद्ध खरं बोलायचं आणि मित्राविरुद्ध जीव तोडून खेळायचं, ही दोन्ही कामं एकाच पोरानं दोन दिवसांत केली. गोल झाला तेव्हा गोलकीपर मातीत पालथा पडून हसत होता. बंदोबस्तावरच्या पोलिसानं कोणत्याही बाजूनं टाळी वाजवायची नसते. मी काठी काखेत धरली आणि टाळी वाजवली.