प्रितीचं दुसरं पान

परळच्या आमच्या ऑफिसात प्रितीइतकं चेंगट काम कोणीच करत नसे. वरळीच्या बीडीडी चाळीतली, सहा महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर घेतलेली. मी तिची सीनियर, आणि मला ती सुरुवातीपासूनच खुपायची.

ब्राउझरमध्ये कुठलं अक्षर कुठे बसेल, हे ठरवणारा प्रोग्राम आम्ही लिहितो. उर्दू उजवीकडून डावीकडे जाते. जपानी उभी लिहिली तर वरून खाली, आणि पहिली ओळ अगदी उजवीकडे. प्रोग्राम बदलला की एकच मजकूर दोन पानांवर मांडून बघायचा. पहिलं पान नवा प्रोग्राम मांडतो. दुसरं त्याची मदत न घेता, एकेक अक्षर मोजून ठेवायचं. दोन्ही तंतोतंत जुळली की पास.

दुसरं पान प्रिती करायची. दोन-दोन दिवस लावायची.

"काय गं, रांगोळी झाली का काढून?" मी सगळ्यांदेखत विचारायचे. ती हसायची. तिचं कधी चुकत नसे, तोच राग होता माझा.

मार्चअखेर तिचं कॉन्ट्रॅक्ट संपत होतं. वडील रामजी बेस्टचे निवृत्त ड्रायव्हर, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. ती पर्मनंट झाली की त्यांचं ऑपरेशन कंपनीच्या विम्यात बसणार होतं. हे तिने मलाच सांगितलं होतं, विश्वासाने.

उभ्या जपानी मजकुराचं काम आलं तेव्हा आमचा मॅनेजर विनीत तिच्या टेबलाशी आला. मी शेजारीच होते.

"पहिलंच पान कॉपी कर आणि लाव. संध्याकाळी पाठवायचंय."

"सर, मग दोन्हीकडे तोच प्रोग्राम चालेल. चुकला तर दोन्हीकडे सारखाच चुकेल."

"तुझं पर्मनंटचं लेटर माझ्या सहीशिवाय निघतं का गं?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी डबा उघडला.

तिने कॉपी केलं. पानं जुळली.

पंधरा दिवसांत ग्राहकाची तक्रार आली. जपानी बातम्या शेवटच्या ओळीपासून सुरू होत होत्या. विनीतच्याही वरच्या साहेब, पूर्वी मॅडम, यांनी आम्हा तिघांना केबिनमध्ये बोलावलं. विनीत म्हणाला, "प्रितीने कंटाळा केला."

"सरांनीच सांगितलं होतं. सीमाताई बाजूलाच होत्या, त्यांना विचारा."

माझं प्रमोशन विनीतच्या हातात होतं, हे लपवत नाही. पण तेवढ्यासाठीच नाही. ही एकदा तरी चुकावी, असं मला मनापासून वाटत होतं.

"मी असं काही ऐकलं नाही," मी म्हणाले.

विनीतचं आणि माझं तंतोतंत जुळलं. मग तिला कोण विचारतो?

त्याच दिवशी तिला काढून टाकलं. निघताना ती माझ्या टेबलाशी आली. डोळे सुजलेले.

"सीमाताई, रविवारी घरी बसून दुसरं पान नीट केलंय. शेअर्ड फोल्डरमध्ये आहे. ते लावा, नाहीतर पुढच्या वेळीही कळणार नाही."

"कार्ड जमा करून जा," मी म्हणाले. तेव्हा लाज वाटली. अजून वाटते, आणि त्याचा तिला काडीचा उपयोग नाही.

ते पान लावताच चूक पहिल्या फटक्यात सापडली. मी खाली माझं नाव घातलं. सोमवारी विनीतने सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या आणि मी उभी राहून थँक यू म्हणाले.